चाकं लावली म्हणजे वॉकर सुधारला असं नव्हे

दोन्हींना सरसकट 'वॉकर' म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. चार पायांचा, उचलून पुढे ठेवायचा तो वॉकर. चार चाकं, मुठीशी ब्रेक आणि मधे बैठक असलेला तो रोलेटर. आई-वडिलांसाठी 'जरा चांगल्यातला' घ्यायचं ठरलं की बहुधा रोलेटरच घरी येतो, आणि कित्येकदा तो चुकीचा असतो.

वॉकरची चाल बहुतेकांना माहीत असते: आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला.

खरा प्रश्न असा, की चालताना पाय कमी पडतो की दम? नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालंय, किंवा पायावर पूर्ण वजन टाकू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, तर वॉकरच हवा. त्यावर हातांनी भार टाकला की चारही रबरी बुचं जमीन धरून बसतात. तोच भार रोलेटरवर टाकला आणि जोर जरासा पुढे गेला, की चाकं निघाली. रोलेटर पुढे, पाय मागे, माणूस तोंडावर. 'पण ब्रेक आहेत ना!' आहेत, पण ते लागायला बोटं आधीपासून ब्रेकवर हवीत आणि पंजात जोर हवा. तोल जाताना माणूस हाताला येईल ते घट्ट धरतो. ती बहुतेक वेळा नुसती मूठ असते. पार्किन्सन्समध्ये पावलं आपोआप घाईची होत जातात, तिथे साधा रोलेटर हातातून पळतो. अशांसाठी उलट्या ब्रेकचे रोलेटर मिळतात, दांडी दाबली तरच चाक सुटतं.

पाय भार पेलतात, पण शंभर पावलांत धाप लागते, अशा माणसाला मात्र रोलेटर वरदान आहे. थांबा, बसा, पुन्हा निघा. वॉकर दर पावलाला उचलून तो उलट जास्त दमेल.

मधला मार्गही आहे: पुढे दोन चाकं, मागे दोन बुचं. उचलावा लागत नाही, आणि भार पडला की मागचे पाय घासून थांबतात. याची आठवण मात्र फार कमी जणांना होते.

उंची दोन्हींची सारखीच मापायची. नेहमीची चप्पल घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. वॉकरची किंवा रोलेटरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. धरल्यावर कोपर 15 ते 30 अंश वाकतं.

रोलेटरवर बसताना आधी दोन्ही ब्रेक खाली दाबून 'खट्' असा आवाज ऐका, मग वळून बैठक पायांना टेकेपर्यंत मागे या, मगच बसा. आणि कृपा करून बसलेल्या माणसाला त्यावरून ढकलत नेऊ नका! ती चाकाची खुर्ची नाही. एक छोटं चाक उंबऱ्याला अडलं की सगळं उलटतं. खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठणंही तितकंच वाईट, तो अंगावर येतो. हात खुर्चीच्या हातांवर ठेवूनच उठायचं.

बुचाच्या तळाच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या की बूच बदला. रोलेटरचे ब्रेक महिन्यातून एकदा लावून तो ढकलून बघा. चाक फिरलं तर केबल सैल झाली आहे, ती ताणून घ्या. तरीही फिरलं तर ब्रेकचं पॅड किंवा चाक झिजलं असेल, ते बदलून घ्या.