इस्पितळाचे बिल आणि पूर्वमंजुरी: गोव्यातील कुटुंबांसाठी पात्रता, कागदपत्रे व अर्जाची माहिती

गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला इस्पितळाच्या खर्चासाठी मुख्यतः तीन आधार मिळू शकतात: राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि स्वतः हप्ता भरून घेतलेली खासगी आरोग्य विमा पॉलिसी. तिन्हींची पात्रता वेगळी, कागदपत्रे वेगळी आणि तक्रार करण्याची जागाही वेगळी. मात्र कार्डावर किंवा कॅशलेस पद्धतीने, म्हणजे रुग्णाने रोख न भरता बिल परस्पर चुकते होईल अशा रीतीने, उपचार घ्यायचे झाल्यास, इस्पितळाला पैसे मिळतात ते पूर्वमंजुरी, म्हणजे खर्च देणाऱ्या यंत्रणेची आगाऊ संमती, घेतल्यावर आणि आधी ठरलेल्या दराने, ही बाब तिन्हींत सारखी आहे. म्हणून रुग्ण दाखल होण्याआधी कोणते कागद जुळलेले असले पाहिजेत आणि ही मंजुरी नेमकी कशावर अडते, हे प्रत्येक घरात निदान एकाला तरी नीट ठाऊक असले पाहिजे.

दीनदयाळ कार्ड

ही योजना २०१६ साली सुरू झाली. गोव्यात पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ती आहे आणि तिच्यात उत्पन्नाची अट ठेवलेली नाही. सरकारी नोकरीतून वैद्यकीय खर्चाची वेगळी सोय मिळणारे कर्मचारी मात्र तिच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख रुपये आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपये अशी मर्यादा ठरवण्यात आली आणि सुरुवातीच्या यादीत ४४७ उपचारांचा समावेश होता. ही रक्कम माणशी नसून संपूर्ण कुटुंबाची आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेत ती बहुतांश संपली, तर त्याच वर्षी आईसाठी उरलेली रक्कमच वापरता येते.

नोंदणीसाठी सामान्यतः प्रत्येक सदस्याचे आधार कार्ड, रेशन कार्ड, पाच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणि मुलांचे जन्मदाखले लागतात. वास्तव्याचा दाखला सक्षम अधिकाऱ्याकडून घ्यावा लागत असल्यास तो आधीच काढून ठेवावा, कारण रुग्ण इस्पितळात असताना त्यासाठी मामलेदार कार्यालयात खेपा घालणे कोणालाच परवडत नाही. आपल्या भागात नोंदणी सध्या कुठे चालू आहे, हे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारल्यास कळते. कार्डाला मुदत असते. कार्ड घरात आहे म्हणजे ते चालू आहेच असे धरून चालू नये. मुदत तपासून वेळेत नूतनीकरण करावे, आणि घरात बाळ जन्मले किंवा लग्न होऊन सून आली, तर तिचे किंवा त्याचे नाव चढवून घ्यावे.

नावांचा घोळ आधीच सोडवावा

माझ्या मते गोव्यात सर्वाधिक काळजी घ्यावी अशी जागा ही आहे. पोर्तुगीज राजवटीतील जन्मनोंदी रोमन लिपीत आणि पोर्तुगीज लेखनपद्धतीने झालेल्या असल्यामुळे, आज आपण नाईक, कामत किंवा गावकर असे जे आडनाव लावतो, ते जुन्या दाखल्यावर पूर्णपणे वेगळ्या अक्षरांत आढळते. त्यात गोव्यातील हिंदू कुटुंबांत लग्नानंतर मुलीचे आडनावाबरोबर पहिले नावही बदलण्याची रीत होती व काही घरांत अजूनही आहे. परिणामी सत्तरीच्या आजींचे जन्मनोंदीतील नाव एक, आधारवरील नाव दुसरे आणि रेशन कार्डावर त्याच नावाचे तिसरेच स्पेलिंग, असा प्रकार अनेक घरांत दिसतो. घरच्यांना यात काही वावगे वाटत नाही, परंतु संगणकावरील पडताळणीत या तीन वेगळ्या व्यक्ती ठरू शकतात आणि पूर्वमंजुरीची विनंती ओळख पटत नसल्याच्या कारणाने थांबते.

यावर उपाय आहे, पण त्याला वेळ लागतो. प्रथम आधारवरील नाव व जन्मतारीख दुरुस्त करून घ्यावी, कारण पुढची पडताळणी मुख्यतः आधारवर चालते. विवाहाची नागरी नोंदणी गोव्यात सक्तीची असल्यामुळे बहुतेक घरांत विवाहाचा दाखला असतो. त्यावर माहेरचे नाव असते. तो दाखला आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र एकत्र जोडले, म्हणजे माहेरच्या व सासरच्या नावांचा दुवा कागदोपत्री सिद्ध करता येतो. नुसती स्पेलिंगची चूक असेल तर रेशन कार्डावरील नाव आधारप्रमाणे करून घेणे पुरेसे ठरते.

आयुष्मान कार्ड आणि ७० वर्षांवरील व्यक्ती

केंद्राची योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात. मात्र मूळ पात्रता २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेतील नोंदींवर आधारलेली असल्यामुळे केवळ अर्ज करून यादीत येता येत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून मात्र यात मोठा बदल झाला. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक व्यक्तीला उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. ज्या कुटुंबाला आधीपासून आयुष्मानचे संरक्षण आहे, त्यातील ज्येष्ठांना त्यांच्यापुरते आणखी पाच लाख मिळतात. घरात सत्तरीपुढील दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून वापरायची असते. खासगी पॉलिसी किंवा ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) संरक्षण असले तरी हे कार्ड काढता येते. केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस यांसारख्या योजनेचे लाभार्थी मात्र दोहोंपैकी एकच निवडू शकतात.

अर्जासाठी आधार कार्ड आणि मोबाइल एवढेच लागते. आयुष्मान अॅपवरून किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी पोर्टलवरून आधारची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) करावी. ओटीपी येत नसेल तर बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा यांवरून ओळख पटवता येते. वय आधारवरूनच धरले जाते, त्यामुळे अनेक वृद्धांच्या आधारवर अंदाजाने घातलेली जन्मतारीख इथे आडवी येऊ शकते. घरी हे जमत नसेल तर योजनेत समाविष्ट असलेल्या इस्पितळातील आरोग्य मित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, खिडकीवर जावे. १४५५५ हा मदत क्रमांक आहे.

या कार्डाला प्रतीक्षा काळ नाही. आधीपासूनचा मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि रोजची औषधे मात्र यात येत नाहीत. रुग्णाला दाखल करून घेणे आवश्यक असते. बेळगाव, कोल्हापूर किंवा मुंबईला उपचार घ्यायचे झाल्यास हेच कार्ड तेथील समाविष्ट इस्पितळात चालते, आणि विशेष उपचारांसाठी राज्याबाहेर जावे लागणाऱ्या गोमंतकीयांना याचा खरा उपयोग आहे.

इस्पितळाला पैसे कसे मिळतात

सरकारी योजनांत इस्पितळ प्रत्येक गोळीचे व प्रत्येक तपासणीचे वेगळे बिल लावत नाही. प्रत्येक उपचाराला संकेतांक आणि ठरीव दर असतो, ज्याला पॅकेज म्हणतात. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, डॉक्टर व भूलतज्ज्ञांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण, दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा औषधोपचार हे सर्व धरलेले असते. एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया झाल्यास मोठ्या दराची पूर्ण रक्कम, दुसरीची निम्मी आणि तिसरी असल्यास तिची पाव रक्कम इस्पितळाला मिळते. शस्त्रक्रिया नसलेल्या आजारांत बहुधा दर दिवसाचा दर असतो आणि मुक्काम वाढवायचा झाला तर इस्पितळाला पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. खर्च आटोक्यात राहावा आणि अनावश्यक उपचार होऊ नयेत, यासाठी पैसे देणाऱ्या यंत्रणेने उपचारांवर ठेवलेली ही देखरेख आहे.

रुग्णाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दाखल होतानाच कार्ड दाखवले पाहिजे. रोख भरून दाखल झालेल्या रुग्णाला नंतर योजनेकडून परतावा मागण्याची सोय आयुष्मानमध्ये नाही. तातडीच्या वेळी उपचार आधी सुरू होतात आणि मंजुरी मागाहून घेतली जाते, परंतु तेव्हाही खिडकीवर कार्डाची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. दुसरी, पॅकेजमध्ये मोडणाऱ्या वस्तूसाठी कोणी वेगळे पैसे मागितले, तर वाद न घालता ती मागणी लेखी द्यायला सांगावी व आरोग्य मित्राला दाखवावी. शिवाय घरी सोडताना डिस्चार्ज सारांश घेतल्याशिवाय निघू नये. पुढच्या पंधरा दिवसांत त्रास झाला, तर तोच कागद हाताशी लागतो.

खासगी पॉलिसी

इथे पूर्वमंजुरीची विनंती इस्पितळाकडून विमा कंपनीकडे किंवा तिच्या टीपीएकडे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) जाते. सोबत पॉलिसी क्रमांक, ओळखपत्र, डॉक्टरांचा दाखल होण्याचा सल्ला, जुने रिपोर्ट आणि कॅशलेसचा अर्ज लागतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपनीने या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी इस्पितळाने कळवल्यापासून तीन तासांत. त्यापुढे उशीर होऊन इस्पितळाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा असतो. हे नियम खिडकीवर नम्रपणे सांगता आले पाहिजेत. ते रुग्णासाठीच केलेले आहेत.

आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तरीही अर्ज भरताना रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे स्पष्ट लिहावे. एजंटने "लिहू नका, चालते" असे सांगितले, तरी सही आपली असते.

लोकांना सर्वांत जास्त फटका बसतो तो खोलीच्या भाड्यात. समजा पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ४,००० रुपये आहे आणि रुग्णाने ८,००० रुपयांची खोली तीन दिवस घेतली. वाढीव भाड्याचे १२,००० रुपये तर त्याच्यावर पडतातच. शिवाय डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह वगैरे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे आकार १,२०,००० रुपये झाले असतील, तर पॉलिसीतील प्रमाणशीर कपातीच्या अटीनुसार कंपनी त्यांतील निम्मेच देते. म्हणजे एकूण ७२,००० रुपये घरून भरावे लागतात. औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे आणि निदान चाचण्या यांना ही कपात लागू होत नाही. खोली निवडण्याआधी पॉलिसीतील ही ओळ वाचणे त्यामुळे अत्यंत गरजेचे आहे.

एकाहून अधिक संरक्षणे असतील तर कोणते आधी वापरायचे ते दाखल होतानाच ठरवावे. एकाच खर्चाचे पैसे दोनदा मिळत नाहीत, परंतु एकाची मर्यादा संपल्यावर उरलेल्या देय रकमेचा दावा खासगी पॉलिसीवर करता येतो. त्यासाठी मूळ बिले व पहिल्या मंजुरीचे पत्र जपून ठेवावे.

मंजुरी नाकारल्यास

नकार तोंडी स्वीकारू नये. कारणासह लेखी मागावा. बरेचदा नकार अंतिम नसतो, एखादा रिपोर्ट कमी पडलेला असतो आणि तो जोडून विनंती पुन्हा पाठवता येते. आयुष्मानसाठी तक्रार १४५५५ वर किंवा योजनेच्या तक्रार पोर्टलवर नोंदवावी. खासगी पॉलिसीसाठी प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे आणि नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही नोंद करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. गोवा मुंबईच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत हा अर्ज करावा लागतो, आणि त्याला पॉलिसीची प्रत, नकाराचे पत्र, डिस्चार्ज सारांश, बिले व कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावून जोडावा.