घडीचा ब्रिटिश प्लेट कॅमेरा: मूल्यांकनासाठी आणण्यापूर्वी

आजोबांच्या पेटीतून निघालेल्या, काचेच्या प्लेटवर छायाचित्र घेणाऱ्या लाकडी घडीच्या कॅमेऱ्याचे मूल्यांकन आपणास करून घ्यायचे असल्यास आमची पहिली विनंती अशी की, आणण्यापूर्वी तो साफ करू नये. या कॅमेऱ्यांच्या पितळेवर कारखान्यातच लाखेचा पातळ सोनेरी थर दिलेला असे. घरच्या समईप्रमाणे ते चिंच लावून घासले की हा थर निघून जातो आणि वस्तूची किंमतही उतरते. काळवंडलेले पितळ संग्राहकाला चालते, लखलखीत घासलेले सहसा चालत नाही.

काळ ठरवताना आम्ही प्रथम नावाची पट्टी पाहतो. केंब्रिजचे लाकूडकाम कारागीर फ्रेडरिक सँडरसन यांनी उंच इमारतींच्या छायाचित्रणासाठी लेन्सची पाटी वर सरकवता व तिरकी करता येईल अशी रचना केली आणि १८९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. हे कॅमेरे लंडनच्या होटन कंपनीने विकले. पट्टीवर ‘होटन्स लिमिटेड’ असे नाव असल्यास कॅमेरा १९०४ किंवा त्यानंतरचा समजावा. याच सँडरसनची ‘ट्रॉपिकल’ आवृत्ती सागवानाची असून, दमट उष्ण हवेत सरस सुटतो म्हणून तिचे सांधे पितळी पट्ट्या व स्क्रू लावून पक्के केलेले असत. तिला आजही चांगली मागणी आहे. मात्र महोगनीच्या काही कॅमेऱ्यांनाही अशा पट्ट्या असतात, त्यामुळे केवळ पट्ट्या पाहून हुरळून जाऊ नये.

जितका जुना तितका महाग, हा समज येथे फसवा ठरतो. बर्मिंगहॅमच्या लँकेस्टर कंपनीचा १८८० च्या दशकातील ‘इन्स्टँटोग्राफ’ वयाने मोठा असला, तरी तो मोठ्या संख्येने विकला गेल्यामुळे त्याची किंमत बेताचीच राहते.

यानंतर प्रश्न मूळपणाचा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले, त्यामुळे ते दिसल्यास नंतरची दुरुस्ती उघड होते. लेन्सची पाटी व कॅमेऱ्याची मागची बाजू जोडणारा चामड्याचा घडीदार भाता अंधाऱ्या खोलीत आत दिवा धरून तपासावा, म्हणजे घड्यांच्या कोपऱ्यांतील बारीक छिद्रे दिसतात. मागची धूसर घासलेली काच, जिच्यावर दृश्य पाहून फोकस करतात, ती फुटली असल्यास नवी बसवता येते, परंतु प्लेट धरणारे लाकडी प्लेटहोल्डर हरवले असल्यास अडचण होते, कारण ते त्या-त्या कॅमेऱ्याच्या खाचेला बेतून केलेले असत आणि दुसऱ्याचे सहसा बसत नाहीत. म्हणून पेटीतील प्रत्येक सुटा भाग, निरुपयोगी वाटला तरी, सोबत आणावा. लेन्सवर रॉस, डॅलमायर किंवा टेलर, टेलर अँड हॉबसन या लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एखादीचे नाव असल्यास तिचे मूल्य आम्ही स्वतंत्रपणे लिहून देतो. पावसाळ्यात धरलेली बुरशी काचेला खाऊ लागली असल्यास तशी नोंदही करतो.

परदेशी ग्राहकाशी व्यवहार ठरवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आधी विचारणा करावी.