अमेरिकेची कर्जमर्यादा : सोयीच्या नियमाचे हत्यार कसे झाले

अमेरिकी सरकारच्या कर्जमर्यादेवरून दर दोन-चार वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये रणकंदन माजते, शेअर बाजार धास्तावतो आणि अगदी शेवटच्या घटकेला तडजोड होऊन मर्यादा वाढते. बातम्या वाचून वाटते, उधळ्या सरकारला वेसण घालायला कुणीतरी विचारपूर्वक केलेली ही तरतूद असावी. इतिहास नेमका उलटा आहे. अर्थखात्याला कर्ज काढणे सोपे जावे म्हणून हा नियम आला.

पहिल्या महायुद्धाआधी जवळपास प्रत्येक कर्जासाठी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, वेगळी मंजुरी देत असे. पनामा कालव्यासाठी रोखे काढायचे तर त्याची तरतूद वेगळी, आणि रक्कम, व्याज, मुदत हे सगळे कायद्यातच ठरलेले. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर हा कारभार परवडेना. त्या वर्षीच्या सप्टेंबरमधील दुसऱ्या लिबर्टी बाँड (युद्धखर्चासाठीचे रोखे) कायद्याने कर्जाच्या प्रकारानुसार कमाल रकमा ठरवल्या आणि बराचसा तपशील अर्थखात्यावर सोपवला. १९३९ मध्ये अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांच्या मागणीवरून सगळ्या कर्जाला मिळून ४५ अब्ज डॉलरची एकच मर्यादा आली. तेव्हाचे प्रत्यक्ष कर्ज ४० अब्जांच्या थोडे वर होते. दुसऱ्या महायुद्धात ही मर्यादा ३०० अब्जांपर्यंत गेली आणि १९४६ मध्ये २७५ अब्जांवर खालीही आणली गेली. तोवर फारसे कुणी भांडले नाही.

भांडणाचे मूळ मात्र या रचनेतच होते. खर्च किती करायचा, कर किती घ्यायचा हे काँग्रेसच ठरवते. दोन्हींतली तूट कर्जानेच भरायची, हेही ओघानेच आले. तरीही ते कर्ज काढायला पुन्हा वेगळे मतदान लागते. मर्यादा वाढवल्याने नवा खर्च मंजूर होत नाही. आधी कबूल केलेली देणी भागवता येतात, एवढेच. म्हणजे खर्चाला होकार देऊन त्याच खर्चाच्या कर्जाला नकार देण्याची सोय कायद्यानेच करून दिली.

तिचा पहिला मोठा वापर १९५३ मध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मर्यादा २७५ वरून २९० अब्ज करा अशी विनंती केली. प्रतिनिधीगृहाने ती मान्य केली, पण सीनेटच्या वित्त समितीने प्रस्ताव बासनात गुंडाळला. काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेले व्हर्जिनियाचे सीनेटर हॅरी बर्ड विरोधात आघाडीवर होते. मग अर्थखात्याने शक्कल लढवली. ज्यावर अजून प्रमाणपत्रे (सोन्याच्या मोबदल्यात पैसे मिळवून देणारे कागद) काढलेली नव्हती असे काही सोने खात्याकडे होते. नोव्हेंबरमध्ये त्यातल्या ५० कोटी डॉलरच्या सोन्यावर प्रमाणपत्रे काढून ती फेडरल रिझर्व्हला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, दिली आणि तेवढ्या रकमेचे सरकारी रोखे फेडून टाकले. आकडा मर्यादेच्या आत राहिला. पुढच्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने ‘तात्पुरती’ म्हणून २८१ अब्जांची मर्यादा दिली. पुढे हा तात्पुरतेपणा अनेक वर्षे चालला.

१९७९ ची गोष्ट त्या मानाने विस्मृतीत गेली आहे. ‘अमेरिकेने कधीच पैसे थकवले नाहीत’ असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. पण त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला मर्यादा ऐनवेळी वाढली, त्याच सुमारास छोट्या गुंतवणूकदारांची गर्दी उसळली, आणि भरीला कार्यालयातली यंत्रणा बिघडली. एप्रिल-मेमध्ये मुदत संपलेल्या काही ट्रेझरी बिलांचे (अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांचे), सुमारे १२ कोटी डॉलरचे, पैसे हजारो लोकांना वेळेवर मिळाले नाहीत. नंतर ते दिले गेले. उशिराचे व्याज देण्यावरूनही आधी खळखळ झालीच. याला कर्जबुडवेपणा म्हणावे की कारकुनी घोटाळा, यावर अजून वाद आहे. ज्यांचे पैसे अडकले त्यांना हा फरक फारसा जाणवला नसावा.

ऐंशीच्या दशकात मर्यादावाढीच्या विधेयकाला आपल्या अटी टांगण्याची पद्धत रुळली. १९८५ चा तूटकपातीचा ग्रॅम-रुडमन-हॉलिंग्ज कायदा असाच आला. १९९५-९६ मध्ये प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती न्यूट गिंगरिच यांनी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना याच मुद्द्यावर कोंडीत पकडायचा प्रयत्न केला, तेव्हा अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीची गुंतवणूक काही काळ थांबवून वेळ मारून नेली. हे हिशेबी खेळ आता ‘असाधारण उपाय’ म्हणून ओळखले जातात. खरे तर ते आता अगदीच साधारण झाले आहेत.

विरोधात असताना नाही म्हणायचे, सत्तेत आल्यावर हो, हा खेळ दोन्ही पक्षांनी मनसोक्त खेळला. २००६ मध्ये सीनेटर बराक ओबामा यांनी मर्यादावाढीच्या विरोधात मत दिले होते. २०११ मध्ये तेच राष्ट्राध्यक्ष होते आणि समोर टी पार्टी या सरकारी खर्चाविरोधातील चळवळीच्या लाटेवर निवडून आलेले रिपब्लिकन होते. या वेळी फरक हा होता की बऱ्याच नव्या सदस्यांना मुदत टळून गेली तरी चालणार होते. २ ऑगस्टला, अर्थखात्याने दिलेल्या मुदतीच्याच दिवशी, खर्चकपातीसह कायदा झाला. तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचे सर्वोच्च पतमानांकन काढून घेतले. तुमच्या हिशेबात दोन लाख कोटी डॉलरची चूक आहे, असे अर्थखात्याने दाखवून दिले. संस्थेने निर्णय बदलला नाही. गंमत म्हणजे घाबरलेले गुंतवणूकदार आसऱ्याला धावले ते अमेरिकी रोख्यांकडेच. तरीही त्या वर्षी या वादामुळे सरकारचा व्याजखर्च सुमारे १.३ अब्ज डॉलरने वाढला, असा अंदाज काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेने काढला.

यानंतर पळवाटांची चर्चा सुरू झाली. एक लाख कोटी डॉलर दर्शनी मूल्याचे प्लॅटिनमचे नाणे पाडून ते फेडरल रिझर्व्हमध्ये जमा करावे, म्हणजे कर्ज न काढताच सरकारच्या खात्यात पैसे येतील, ही सूचना त्यातली सर्वांत चमत्कारिक. २०१३ च्या जानेवारीत ती अधिकृतपणे फेटाळावी लागली. सार्वजनिक कर्जाच्या वैधतेवर शंका घेता येणार नाही, असे १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती म्हणते. तिच्या आधारे मर्यादाच धुडकावता येईल, असे काही कायदेपंडितांचे मत आहे. कोर्टात ते तपासायची वेळ मात्र आलेली नाही. डेन्मार्कमध्येही अशी मर्यादा आहे, पण ती प्रत्यक्ष कर्जाच्या इतकी वर ठेवलेली आहे की तिच्यावरून भांडायला कुणी जात नाही.

२०२३ मध्ये मर्यादा ३१.४ लाख कोटी डॉलर होती. प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती केव्हिन मॅकार्थी यांनी खर्चकपातीशिवाय वाढ नाही अशी भूमिका घेतली, बायडेन यांनी वाटाघाटीच नाहीत अशी. अखेर दोघेही वाटाघाटींना बसले. ५ जूनला तिजोरी रिकामी होणार होती. ३ जूनला सही झाली आणि मर्यादा २०२५ च्या सुरुवातीपर्यंत स्थगित झाली. या तडजोडीने बिथरलेल्या स्वपक्षीयांच्या गटाने ऑक्टोबरमध्ये मॅकार्थींना खुर्चीवरून खाली खेचले.

डिसेंबर २०२४ मध्ये, पुन्हा सत्ता हाती येण्यापूर्वीच, ट्रम्प यांनी ही मर्यादा आधी बाजूला करा असा आग्रह धरला. दोन वर्षांच्या स्थगितीचे विधेयक प्रतिनिधीगृहात पडले, कारण त्यांच्याच पक्षाच्या ३८ जणांनी विरोधी मत दिले. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या कर आणि खर्चाच्या मोठ्या कायद्यातच पाच लाख कोटी डॉलरची वाढ बसवण्यात आली. साध्या बहुमताने संमत होणाऱ्या प्रक्रियेतून तो कायदा गेल्याने डेमोक्रॅटांच्या मतांची गरजच पडली नाही. मर्यादा आता ४१.१ लाख कोटी डॉलर आहे.