अरबी चांदीच्या माळा : मणी कसे ओळखावेत

मस्कत, सलालाला नोकरी करून परतलेल्या घरांतून आमच्याकडे जुन्या ओमानी माळा गाठवायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मणी खरे आहेत ना हो?" गडबडीत दिलेल्या उत्तराने गैरसमज होतात, म्हणून हे पत्रक.

भिंग घ्या आणि आधी मण्याचं भोक बघा. वर्षानुवर्षं दोऱ्यावर घासलेल्या मण्याच्या भोकाची कड गुळगुळीत होते, बहुधा एका अंगाला जास्त झिजते. नव्या मण्याची कड बोटाला टोचते. जुन्या अकीकाला (लालसर-तपकिरी खड्याला) अनेकदा दोन्ही बाजूंनी भोक पाडलेलं असतं. ती दोन भोकं जिथे मिळतात तिथे आत बारीकशी पायरी दिसते. अरबस्तानात गेलेला कितीतरी अकीक गुजरातेतल्या खंभातचा. तिथले कारागीर दगड भाजून त्याचा रंग लाल करतात.

लाल दिसलं की पोवळं, असं नाही. पोवळ्यावर लांबीच्या दिशेने अगदी बारीक समांतर रेघा असतात. काचेत हवेचे बुडबुडे सापडतात, प्लॅस्टिकवर साच्याची शिवण. लिंबू किंवा व्हिनेगर लावून मात्र कधीही बघू नका. पोवळं चुन्याच्या जातीचं, त्यावर पडलेला डाग जात नाही.

मोठ्या पिवळ्या मण्यांना सगळेच अंबर, म्हणजे झाडाची दगडासारखी झालेली जुनी राळ, म्हणतात. मीठ विरघळायचं थांबेल इतक्या खारट पाण्यात सुटा मणी सोडा. अंबर तरंगतं, काच आणि बेकेलाइट (जुन्या काळचं एक कडक प्लॅस्टिक) बुडतात. कोपल नावाची कोवळी राळ आणि काही प्लॅस्टिकही तरंगतं, तेव्हा तरंगणं हा पुरता पुरावा नव्हे. तापलेली सुई टोचू नका, मणी कायमचा बिघडतो. आणि मणी बुडाला म्हणून टाकूनही देऊ नका. बेकेलाइटचा शोध 1907 चा. त्या जातीचे मणी अरबी सोनारांनी हौसेने माळांत ओवले. ते त्या माळेचेच आहेत.

चांदीवर शिक्का नसला तरी घाबरू नका, जुन्या कामावर बहुधा नसतोच. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचं चांदीचं नाणं (सुमारे 28 ग्रॅम, 83 टंच, म्हणजे शंभरात 83 भाग शुद्ध चांदी) वितळवून तिथे पुष्कळ दागिने घडले, त्यामुळे टंच स्टर्लिंग चांदीसारखा 92.5 भरत नाही. माळेत अख्खं नाणं असेल तर त्यावरचं 1780 हे साल दागिन्याचं वय समजू नका. राणीच्या मृत्यूचं तेच साल पुढेही छापत राहिले.

माळ तुटली तर मणी वाटीत गोळा करू नका. ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने चिकटपट्टीवर लावून आणा. घरी उजळवूही नका. खाचांतला काळेपणा नक्षी उठावदार करतो, तो आम्हीही तसाच ठेवतो.