हाडांमध्ये पसरलेला कॅन्सर – बोन मेटास्टेसिस

शरीरात दुसरीकडे कुठेतरी सुरू झालेला कॅन्सर रक्तातून हाडात जाऊन तिथे वाढायला लागला की त्याला बोन मेटास्टेसिस म्हणतात. घरचे लोक बऱ्याचदा "हाडाचा कॅन्सर झालाय" असं सांगतात पण मुळात हाडातच सुरू होणारे ऑस्टिओसार्कोमासारखे कॅन्सर फार कमी आणि जास्त करून तरुण वयात होतात, पन्नाशी-साठीच्या माणसाच्या हाडात कॅन्सर सापडला तर तो बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो नाहीतर मायलोमा, म्हणजे हाडाच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर असतो. हा फरक महत्त्वाचा कारण स्तनातून हाडात गेलेली गाठ मायक्रोस्कोपखाली स्तनाच्या कॅन्सरचीच असते आणि औषधंही त्याचीच चालतात.

हाडात जायची खोड मुख्यतः पाच कॅन्सरना: स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी आणि थायरॉइड. स्तन आणि प्रोस्टेटचा आजार पुढच्या स्टेजला गेला की 65 ते 75 टक्के पेशंटच्या हाडात तो सापडतो, फुप्फुसात हेच प्रमाण साधारण 30-40 टक्के. आपल्याकडे तंबाखू-माव्यामुळे होणारा तोंडाचा कॅन्सर जबड्याचं हाड पोखरतो ते मात्र यात धरत नाहीत, ते शेजारून सरळ आत घुसणं झालं.

1889 साली लंडनच्या स्टीफन पेजेट या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 बायकांच्या नोंदी तपासल्या आणि त्याच्या लक्षात आलं की कॅन्सर कुठेही उगाच जात नाही, यकृतात आणि काही ठराविक हाडांत तो वारंवार दिसतो पण प्लीहेत फारच कमी. त्यावरून त्याने बी आणि मातीची कल्पना मांडली, म्हणजे बी सगळीकडे उडतं पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. नंतर 1940 मध्ये फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसनने दाखवलं की मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपाच नसतात, त्यामुळे खोकताना किंवा जोर करताना ओटीपोटातलं रक्त उलट मणक्यांकडे जाऊ शकतं, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर कमरेच्या मणक्यात इतक्यांदा का सापडतो याचा थोडाफार उलगडा झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मोठ्या माणसात रक्त तयार करणारा लाल मगज जिथे उरतो, म्हणजे मणके, कमरेची हाडं, बरगड्या, कवटी, मांडीच्या आणि दंडाच्या हाडाचा वरचा भाग, तिथेच हा आजार जास्त जातो. कोपर-गुडघ्याच्या खाली क्वचित, आणि तिथे सापडलाच तर आधी फुप्फुसाकडे बोट दाखवायचं.

हाड खातं कोण

लोकांना वाटतं कॅन्सर हाड कुरतडतो. कॅन्सरच्या पेशीला ते जमत नाही, हाड खातात आपल्याच पेशी! हाड ही जिवंत वस्तू आहे, ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट नवीन भरतात, हे काम जन्मभर चालू असतं. कॅन्सरची पेशी मगजात आली की पीटीएचआरपी (पॅराथायरॉइड हार्मोनसारखं एक प्रथिन) सारखी द्रव्यं सोडते, त्यामुळे ऑस्टिओब्लास्ट जास्त रँकल बनवतात, आणि रँकल हाच ऑस्टिओक्लास्टना कामाला लावणारा हुकूम. मग हाड भराभर विरघळतं, आणि हाडात साठवलेली टीजीएफ-बीटा वगैरे वाढीची द्रव्यं मोकळी होतात, ती कॅन्सरलाच पोसतात, तो पुन्हा जास्त पीटीएचआरपी सोडतो. असं ते चक्र फिरत राहतं. हे नीट समजलं की पुढची निम्मी ट्रीटमेंट आपोआप कळते कारण बरीच औषधं कॅन्सरला हात न लावता हे चक्रच अडवतात.

किडनी आणि थायरॉइडमध्ये हाड पोकळ होतं, प्रोस्टेटमध्ये उलट नवीन हाड वेडंवाकडं साचून एक्स-रेवर पांढरे डाग दिसतात, स्तनात दोन्ही प्रकार मिसळलेले. पांढरं दिसलं म्हणून हाड मजबूत झालं असं नाही हं, ते ठिसूळच असतं.

कळतं कसं

दुखणं हे पहिलं लक्षण. बसल्या-झोपल्याही दुखतं, रात्री वाढतं, आठवड्यागणिक चढत जातं. गडबड अशी की पाठदुखी कोणाला नसते, त्यामुळे "मणक्यात गॅप आलाय", "सायटिका आहे" म्हणून महिनोन् महिने मालिश आणि पेनकिलरवर निघतात. आधी कधीही कॅन्सर झालेला असेल, दहा वर्षांपूर्वी का असेना, तर नवीन पाठदुखीत डॉक्टरला ते पहिल्यांदा सांगायचं, आणि असा मणका कुणाकडून दाबून-चोळून घ्यायचा नाही. आपल्याकडे अजून एक घोळ आहे तो टीबीचा. मणक्याचा टीबी इथे इतका कॉमन की एमआरआयवर मणका खराब दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू व्हायची शक्यता असते. साधारणपणे टीबीत दोन मणक्यांमधली गादी लवकर खराब होते आणि कॅन्सरमध्ये गादी बराच काळ शाबूत राहते, पण नुसत्या फोटोवर पैज लावू नये, सुईने तुकडा काढून बायोप्सी आणि टीबीची तपासणी दोन्ही करून घेतलेलं बरं.

साध्या एक्स-रेत दिसायला हाडातलं 30 ते 50 टक्के खनिज जावं लागतं, म्हणजे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं होत नाही. टेक्निशियम हे रेडिओअॅक्टिव्ह द्रव्य वापरून केलेला बोन स्कॅन पूर्ण सांगाडा एका वेळी दाखवतो, पण तो नवीन हाड बनण्याचं काम टिपतो त्यामुळे मायलोमा त्यात बऱ्याचदा सुटतो. मणक्यासाठी एमआरआय, आणि आता पेट स्कॅनही बराच होतो, प्रोस्टेटसाठी पीएसएमए पेट, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सर पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन टिपणारा पेट स्कॅन.

दोन गोष्टींमध्ये थांबायचं नाही. पाय जड पडणं, चालताना तोल जाणं, लघवी अडकणं ही मज्जारज्जू दाबला जात असल्याची खूण, यात तास मोजायचे असतात कारण चालत आलेला पेशंट बहुतेक चालत राहतो पण पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं अवघड. लगेच स्टेरॉइड, पूर्ण मणक्याचा एमआरआय, आणि मग ऑपरेशन किंवा रेडिएशन. 2005 मध्ये छापून आलेल्या एका ट्रायलमध्ये निवडक पेशंटमध्ये आधी ऑपरेशन करून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी 84 टक्के चालू शकले, नुसत्या रेडिएशनवाल्यांपैकी 57 टक्के. दुसरी गोष्ट रक्तातलं कॅल्शियम वाढणं: खूप तहान, बद्धकोष्ठ, गुंगी, असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटतं आजार डोक्यात गेला, आणि प्रत्यक्षात सलाइन आणि झोलेड्रोनिक अॅसिडच्या इंजेक्शनने काही दिवसांत माणूस भानावर येतो.

उपचार

हाडात पसरलेला आजार सहसा मुळापासून जात नाही. पण स्तन किंवा प्रोस्टेटचा फक्त हाडातला आजार असलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करत जगतात, त्यामुळे "हाडात गेला म्हणजे संपलं" हे वाक्य मला तरी चुकीचं वाटतं. पाया म्हणजे मूळ कॅन्सरची ट्रीटमेंट: प्रोस्टेटमध्ये पुरुषी हार्मोन बंद करणं (चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं, 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं), स्तनात हार्मोनच्या गोळ्या वगैरे, थायरॉइडमध्ये रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन.

त्याच्या जोडीला हाड वाचवणारी औषधं. झोलेड्रोनिक अॅसिड 4 मिलीग्रॅम सलाइनमधून, हे ऑस्टिओक्लास्टला मारतं, आणि 2017 च्या एका मोठ्या ट्रायलनंतर ते दर महिन्याऐवजी बऱ्याच जणांना तीन महिन्यांनी दिलं तरी चालतं असं दिसलं, खर्च आणि खेपा दोन्ही वाचतात. डेनोसुमॅब हे 120 मिलीग्रॅमचं इंजेक्शन दर चार आठवड्यांनी कातडीखाली, ते थेट रँकललाच पकडतं. पहिल्याचा किडनीवर भार, दुसऱ्याने कॅल्शियम खाली जाऊ शकतं. दोघांचाही एक त्रास म्हणजे जबड्याचं हाड उघडं पडून न भरणं, शंभरात एक-दोघांना होतो, म्हणून सुरू करायच्या आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन किडलेले दात काढून घ्यायचे, नंतर काढायला गेलं की पंचाईत.

दुखण्यावर रेडिएशन फार चांगलं. साध्या केसमध्ये 8 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) चा एकच डोस दहा दिवस दिलेल्या 30 ग्रे इतकाच वेदना कमी करतो, फक्त पुन्हा द्यायची वेळ जास्त जणांवर येते, साधारण 20 टक्के विरुद्ध 8 टक्के. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आसपास गावाकडून येऊन राहणारे लोक ज्याने पाहिलेत त्याला दहा दिवस आणि एक दिवस यातला फरक सांगायला नको. रेडिएशननंतर पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं, घाबरू नये. खूप ठिकाणी पसरलेलं असेल तर समारियम-153 सारखी रेडिओअॅक्टिव्ह इंजेक्शनं आहेत, ती आपल्या वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेमधूनही पुरवली जातात. प्रोस्टेटसाठी रेडियम-223 आणि ल्युटेशियम ही तशीच इंजेक्शनं.

मांडीचं हाड मोडायच्या बेतात असेल तर मोडायची वाट बघत नाहीत. हाड मोडायचा धोका मोजणाऱ्या मिरेल्स स्कोअरमध्ये 12 पैकी 9 किंवा जास्त आले की आधीच रॉड घालतात आणि मग रेडिएशन. किडनीतून हाडात आलेल्या गाठीतून रक्त फार जातं म्हणून ऑपरेशनआधी तिच्या रक्तवाहिन्या बंद करून घेतात. खचलेल्या मणक्यात सिमेंट भरणं हाही पर्याय आहे. आणि मॉर्फिन. सवय लागेल म्हणून घरचेच ते लपवून ठेवतात, कायद्याच्या भीतीने पूर्वी ते मिळायचंही नाही, 2014 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यातल्या बदलानंतर परवान्याची कटकट कमी झाली. सोबत पोट साफ व्हायचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून हवं.

ट्रीटमेंट लागू पडतेय का हे ओळखणं इथे जरा चकवतं. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत हाड भरून यायला लागलं की बोन स्कॅनवर जुने डाग आणखी ठळक दिसतात, कधी आधी न दिसलेलेही उमटतात, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज (हाड बनताना वाढणारं एन्झाइम) वाढतं, आणि रिपोर्ट वाचून घरात रडारड होते. अशा वेळी दुखणं कमी झालंय का, प्रोस्टेटमध्ये पीएसए (त्याची रक्ततपासणी) उतरतोय का हे बघतात आणि आधीच औषध न बदलता दोन-तीन महिन्यांनी स्कॅन पुन्हा करतात.