बाजारचा बटाटा रुजतो का?

"बाजारातल्या बटाट्यावर औषध मारलेलं असतं, तो लावला तर कधीच रुजत नाही" असा निरोप अधूनमधून फिरत असतो. तो अगदीच निराधार नाही. शीतगृहातल्या काही बटाट्यांवर कोंब रोखणारं रसायन वापरतात. पण सगळ्यांवर नाही, आणि त्याचा परिणामही कालांतराने ओसरतो. बरेचदा कारण साधंच असतं: काढणीनंतर बटाटा साधारण दोन-तीन महिने सुप्त राहतो. तेव्हा औषध असो-नसो, डोळे फुटत नाहीत.

पडताळायचं तर चार बटाटे पडवीत, उजेडात पण उन्हाबाहेर पसरून ठेवा. काही आठवड्यांत जाड, आखूड कोंब आले तर खुशाल लावा. (हिरवे पडलेले मात्र खाऊ नका.)

कोकणात खरी अडचण वेगळीच. मिरगाला लावलेला बटाटा पावसात कुजतो. शिवाय रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहिलं की पाला माजतो, कंद नीट धरत नाही. म्हणून भातकापणी उरकल्यावर, नोव्हेंबरात लावावा. किनाऱ्यावरची थंडी ती केवढी, तेव्हा फार उत्पन्नाची आशा नको. बाजारच्या बटाट्यातून मर रोग (रोप कोमेजून मरतं तो) मातीत येऊ शकतो, आणि तो वांगी-मिरचीलाही लागतो. वांगी-मिरचीच्या वाफ्यापासून लांब, जुन्या पोत्यात माती भरून लावलेला बरा.