‘जिटर’चा घोळ: सीडी रिपिंगच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात माझ्या ओळखीतल्या पाच-सहा घरांत सध्या जुन्या सीडी कपाटातनं काढून, त्यावरची गाणी फाइलमध्ये उतरवून (ह्यालाच रिप करणं म्हणतात) घरच्या म्युझिक सर्व्हरवर, म्हणजे गाणी साठवायच्या कॉम्प्युटरवर, चढवायचं काम चाललंय, आणि सगळे मिळून ऐकायला बसले की एक वाद ठरलेला, तुझ्या रिपचा आवाज कोरडा का आणि माझ्या रिपमध्ये तानपुरा एवढा खुलतो कसा. कोणीतरी मग हमखास म्हणतंय, ‘जिटर आला असणार.’ हा एक शब्द गेली पंचवीस वर्षं दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जातोय, निम्मी भांडणं तिथनंच निघतात, म्हणून जरा मागनं सांगतो.

१९८२ साली सीडी बाजारात आली ती फक्त वाजवायची वस्तू म्हणून. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा आणि एकेक माप (सॅम्पल) १६ बिटच्या आकड्यात लिहायचं, हे सगळ्यांना पाठच असतंय, पण रिपिंगच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. सीडीवर सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे डेटाचे तुकडे, असतात, एकेक २३५२ बाइटचा. पुढं डेटा सीडी निघाली तेव्हा त्यातले २०४८ बाइटच डेटाला ठेवले आणि उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता आणि जादाचं एरर करेक्शन घातलं. ऑडिओ सीडीत मात्र सगळे २३५२ बाइट गाण्यालाच, पत्ता बाजूच्या सबकोड नावाच्या वेगळ्या माहितीत, आणि तोही सॅम्पलपर्यंत तंतोतंत नाही. प्लेअरला त्यानं काही फरक पडत नाही, तो एकदा सुरू झाला की सलग वाजवत जातो. कॉम्प्युटरचं तसं नसतंय.

नव्वदच्या दशकात ड्राइव्हमधनं ऑडिओ उचलायला सुरुवात झाली तेव्हा काय व्हायचं, कॉम्प्युटर थोडा डेटा मागायचा, तो हार्ड डिस्कवर लिहून होईपर्यंत ड्राइव्ह थांबायचा, परत मागितलं की त्याच जागेवरनं पुढं वाचायला जायचा, पण पत्ता नीट नसल्यामुळं नेमकी जागा सापडायची नाही, थोडे सॅम्पल पुढं नाहीतर मागं. मग त्या सांध्यावर एखादा तुकडा गळायचा किंवा दोनदा यायचा आणि गाण्यात ‘टक्’ करून आवाज. ह्याला जिटर म्हणायला लागले. त्यावर उपाय पण निघाला, दरवेळी थोडं मागं जाऊन वाचायचं, आधीच्या तुकड्याचं शेपूट नव्या तुकड्यात शोधायचं आणि जुळलं की तिथंच जोडायचं. सीडी पॅरानोया आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी ही दोन्ही सॉफ्टवेअर १९९८ च्या आसपासची, आणि दोन्हीच्या पोटात ही युक्ती आहे. पुढं ड्राइव्हच सुधारले, सलग वाचायला शिकले, आणि हा जिटर जवळपास संपला.

दुसरा जिटर डॅकच्या, म्हणजे आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या यंत्राच्या, घड्याळातला. सॅम्पल ठराविक अंतरानं बाहेर पडायला पाहिजेत, ते अंतर किंचित हलतंय, पिकोसेकंद नाहीतर नॅनोसेकंदात मोजायचं एवढं. हे वाजवताना घडतंय, त्याच क्षणी. फाइलमध्ये ते साठत नाही, कारण फाइलमध्ये नुसते आकडे ओळीनं लिहिलेले असतात, कुठला आकडा कधी वाजवायचा ते डॅकचं घड्याळ ठरवतंय. म्हणजे एक जिटर वाचतानाचा, त्यानं आकडेच बदलतात आणि तो टक् करून ऐकू येतो, आणि एक वाजवतानाचा, त्याचा रिपशी संबंधच नाही. पण रिपिंग घरोघरी आलं तेव्हा हायफायवाल्यांच्यात दुसऱ्या जिटरची चर्चा आधीच जोरात होती, नाव तेच, मग लोकांनी दोन्हीची खिचडी केली. ‘१एक्स (म्हणजे सीडी वाजवायच्याच) स्पीडनं रिप केलं की फाइलमध्ये जिटर कमी बसतो आणि आवाज मऊ होतो’ हे त्यातनंच आलंय, अजून ऐकायला मिळतंय. चरे पडलेल्या सीडीला कमी स्पीडचा उपयोग होतो, हे खरं. स्वच्छ सीडीवर दोन्ही स्पीडच्या फाइल बिट-टू-बिट सारख्या निघत असतील तर आवाजात फरक नाही, ह्यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

आमच्याकडं हे सगळं २००० नंतर रंगलं. देवल क्लबात बसून ख्याल ऐकलेल्या माणसांचं हे गाव, त्यामुळं कॅसेटी बाजूला पडून सीडी आल्या तशा नाट्यसंगीताच्या आणि जुन्या मैफलींच्या सीडींची घरोघरी चळत लागलेली. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या सिक्युअर मोडमध्ये, म्हणजे पडताळून रिप करायच्या पद्धतीत, प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो, जुळला नाही तर १६-१६ वाचनांच्या फेऱ्या आणि १६ पैकी ८ एकसारखे आले की पुढं जायचं, त्यामुळं खराब सीडीला तास-दोन तास सहज लागायचे आणि त्यात लोडशेडिंग. शेवटचा ट्रॅक चाललेला असताना लाइट गेली की परत पहिल्यापासून. एक पूर्ण सीडी म्हणजे साधारण ७८० एमबी आणि घरात ४० जीबीची डिस्क, मग पन्नासेक सीडीत डिस्क फुल्ल. फ्लॅक, म्हणजे एकही आकडा न गमावता फाइल लहान करायचा प्रकार, २००१ साली आला आणि जागा जवळपास निम्मी लागायला लागली, एकट्या आवाजाच्या ख्यालाला तर कधी कधी त्याहून कमी.

रिप बरोबर झाली का हे बघायला पुढं चेकसमचा (चेकसम म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरनं काढलेला एक ताळ्याचा आकडा) सामायिक डेटाबेस आला, जगभरातल्या लोकांच्या रिपशी आपली रिप ताडून बघायची सोय. पण आमच्या मराठी सीडी त्यात बहुतेक वेळा नसायच्याच. म्हणून मी राजारामपुरीत आणि माझा मित्र शिवाजी पेठेत, एकच सीडी दोन ड्राइव्हवर रिप करून आकडे फोनवर वाचून दाखवायचो. एकदाही जुळेनात. दोन महिने तो म्हणतोय तुझा ड्राइव्ह बाद, मी म्हणतोय तुझा. शेवटी कळलं की प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरलेल्या सॅम्पलनं पुढंमागं वाचतो, त्याचा ६ आणि माझा ६६७, फरक ६६१ सॅम्पलचा म्हणजे १५ मिलिसेकंदाचा. गाणं सगळं तेच, फक्त सरकलेलं. हा फरक, ज्याला ऑफसेट म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये भरल्यावर पहिल्या झटक्यात जुळलं, त्या रात्री आम्ही अकरा सीडी तपासल्या.

आता फ्लॅक म्हणजे चांगलं असं लोक धरून चालतात, तेही तपासून घ्यायला पाहिजे. त्या काळात एमपी३ वरनं ऑडिओ सीडी बर्न करून घ्यायची पद्धत आपल्याकडं सर्रास होती. तसली सीडी आज कितीही काळजीनं रिप केली तरी आत एमपी३च. स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचं चित्र, काढून बघा, १२८ केबीपीएसची असेल तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सपाट कापलेलं दिसतंय. आणि रिमास्टर सीडी, म्हणजे जुनंच रेकॉर्डिंग नव्यानं तयार करून काढलेली, जुन्या सीडीपेक्षा बऱ्याचदा मोठ्यानं वाजते, ते कानाला लगेच ‘खुललेलं’ वाटतंय. दोन्हीचा लेव्हल सारखा करून, कुठलं चाललंय ते न बघता ऐकलं तर आमच्या बैठकीतले बरेच वाद तिथंच मिटलेत, अर्थात सगळे मिटले नाहीत.

काही जुन्या सीडींमध्ये प्री-एम्फसिस असतंय, म्हणजे रेकॉर्ड करताना वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम उचललेल्या आणि प्लेअरनं वाजवताना त्या खाली आणायच्या. रिपमध्ये आकडे उचललेलेच येतात, सीडीवर प्री-एम्फसिसची जी खूण असते ती सर्व्हरला कळत नाही आणि आवाज टोचतो. ‘सीडी प्लेअरवरच चांगली वाजते’ म्हणणारा माणूस तिथं खरंच बरोबर असतो, त्याला गप्प बसवू नका, आधी खूण तपासा.

सर्व्हरचं म्हणाल तर २००३ च्या सुमारास नेटवर्क प्लेअर, म्हणजे घरच्या नेटवर्कवरनं सर्व्हरवरची गाणी वाजवणारी यंत्रं, आले, त्यातलं एक गाजलेलं यंत्र मोठ्या कंपनीनं विकत घेतलं आणि २०१२ मध्ये बंद केलं, सॉफ्टवेअर तेवढं लोकांनी जिवंत ठेवलं. त्याच वर्षी रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर आला आणि हा छंद परवडायला लागला. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा आमच्यातल्या एकाचा तळमजल्यावरचा सर्व्हर गेला, बॅकअपची डिस्क पण त्याच टेबलावर. सीडी साध्या पाण्यानं धुऊन, मऊ कापडानं आतनं बाहेर सरळ रेषेत पुसून सावलीत वाळवल्या, आणि बहुतेक परत रिप झाल्या. जुन्या चेकसमची वही माझ्याकडं राजारामपुरीत होती, त्यावरनंच सगळ्या ताडून घेतल्या.